नाक झिजलेला बाळकृष्ण

शनिवारी दुपारी देव घासायला काढले. चिंच सकाळपासून भिजत होती. बाळकृष्णावर चिंचेचा बोळा फिरवताना अंगठा सरकन घसरला आणि लक्षात आलं, याला नाकच उरलेलं नाही. हातातला लोण्याचा गोळा आहे, रांगता गुडघा आहे. तोंड मात्र अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

हा आजीचा. आजोबा सोवळं नेसून तासभर पूजा करायचे. मंत्र खणखणीत, पण त्या तासात देवाशी स्वतःचं असं एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायची ती आजी. ती पूजेला बसलेली मला आठवतच नाही. घरात नऊ माणसं, हात कायम पिठाचे. स्वयंपाकघरातूनच देव्हाऱ्याकडे मान वळवून म्हणायची, "आज उशीर होणार रे बाबा, पाहुणे आलेत. तोवर कालच्या फुलांवर राहा." आजोबांना दम्याची धाप लागली की त्यालाच फैलावर घ्यायची, "दिसत नाही का तुला?" आणि महिन्यातून एकदा चिंच घेऊन त्याला असा घासायची, जसं आम्हाला न्हाणीत घासायची. नाक त्यातच गेलं असणार.

माझी पूजा म्हणजे डोंबिवलीची सकाळची फास्ट पकडायच्या आधीची चार मिनिटं. देवांवर पाणी, एक फूल, पळ. आमच्या डब्यात एक बाई गवार मोडता मोडता रामरक्षा म्हणते. ठाणं यायच्या आत 38 श्लोक आणि पाव किलो गवार. मला ते जमत नाही, माझे एकतर श्लोक चुकतात नाहीतर शिरा राहतात. अरणच्या सावता महाराजांना मळा सोडून पंढरीला जायला जमलं नाही म्हणतात, तर त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. मध्य रेल्वेवर अशी सोय नाही.

माझी सोय पारसिकच्या बोगद्यात होती. फास्ट लोकल आत शिरली की मिनिटभर रेंज गायब, आणि धडधड इतकी की शेजारणीचं शेजारणीला ऐकू जायचं नाही. तेवढ्यात मी डोळे मिटून देवाशी बोलून घ्यायचे. फार थोर काही नाही. लेकाचं गणित, आईची शुगर, आज साहेब रजेवर असू दे. मग 2022 साली पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला आणि आमची फास्ट मुंब्र्याच्या बाजूने उजेडातून जायला लागली. आता डोंगर दिसतो, खाडी दिसते, रेंज अखंड. डोळे मिटले की समोरची गुडघ्यावर थोपटून विचारते, "बरं वाटत नाही का?"

तेव्हापासून आमचं बोलणं तुटलंय.

लेक मागून येऊन बघत उभा राहिला. "आई, याचं नाक कुठाय?"

"पणजीने घासलं."

"मग तू कशाला घासतेयस? अजून जाईल ना."

बोळा हातात तसाच राहिला. काळा पडलेला कान तेवढा हलकेच पुसला, धुतला, कोरडा केला. गंध लावताना बोट कपाळावर थांबलं नाही, खाली घसरलं. नाकाच्या जागी गंधाचा ओघळ. पुसायला जाणार होते, मग म्हटलं, "राहू दे रे आजचा दिवस." आणि इकडे तिकडे बघितलं, लेक गेला होता.