तास सारखे, पाणी नाही

जव्हार तालुक्यातला एक पाडा. महावितरणची थ्री फेज लाइन तिथवर नाही, म्हणून ओढ्याकाठी ५ एचपीचा सामूहिक सौरपंप बसवलेला. बारा शेतकरी, रोज दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचा नंबर. जोडणी माझ्याच हातची.

जानेवारीत फोन आला, की सगळ्यात वरच्या, बाबांच्या शेतात पाणीच चढत नाही. गटातल्या तरुणांचा निकाल तयार होता, "बाबा पाळीला वेळेवर येत नाहीत, साहेब." नोंदवही उघडली तर तीन ते पाच, बाबांचे दोन तास एकदाही चुकलेले नव्हते. न तपासता म्हाताऱ्या माणसाला आळशी ठरवलेलं पाहून संताप आला.

पॅनल स्वच्छ, कनेक्टर घट्ट, फूटव्हॉल्व्हही ठीक. मग मी चार वाजेपर्यंत, उन्हाप्रमाणे मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरसमोर बसून राहिलो. ऊन कललं, आकडा ५० हर्ट्झवरून ३५ वर आला. बघणाऱ्याला वाटतं, मोटर थोडी हळू झाली एवढंच. पण पंपाची पाणी चढवायची ताकद फेऱ्यांच्या वर्गाने घटते, ३५ ला ती निम्मीच उरते. याच तीन ते पाचच्या पाळीत इतर दिवशी येणाऱ्या दोघांची शेतं खाली, त्यांना बारीक का होईना धार मिळते. बाबांच्या पाइपाच्या तोंडाला हात लावला, तर नुसती हवा. खाली मोटर मात्र घूं घूं करतेय, आणि वहीत तास लिहिले जातायत!

बाबांनी हरभऱ्याचा एक घाटा उपटून माझ्या तळहातावर दाबला. पोचट. "फुलोऱ्यात पाणी नाय मिळालं," एवढंच म्हणाले.

आपल्याकडे पंप मोजतात एचपीत, तपासणी होते भर दुपारी. मीही पूर्णत्वाचा दाखला साडेबारा वाजता, वरच्या पाइपातून जोरदार धार पडताना सही करून दिला होता. चार वाजता एकदा वर चढून बघायला हवं होतं.

संध्याकाळी बैठक बसली. वर टाकी बांधून पाणी लिटरवर वाटावं, असं मी मांडलं. टाकीला पैसे नाहीत. मग निदान पाळ्या फिरवा, म्हटलं. अकरा ते एकवाले मान खाली घालून गप्प. त्यांच्या मिरचीला आत्ताच पाणी हवं, तेही खोटं नाही. शेवटी एक बाई उठल्या, "माझी उद्याची दुपार बाबांना द्या."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता वरच्या सरीत पाणी आलं. बाबा दारं धरत होते. निम्मा हरभरा तोवर पिवळा पडला होता.