20 क्रेडिट म्हणजे 28 तास: कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सेमिस्टरची आखणी

इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपच्या राउंडमध्ये, कॉम्प्युटर सायन्स मिळालं की घरी पेढे येतात. नंतर कॉलेजची स्कीम, म्हणजे विषय, तास आणि क्रेडिटचा तक्ता, हातात पडते आणि कळतं, की पहिल्या सेमिस्टरला कॉम्प्युटरचा म्हणावा असा मोठा विषय एकच आहे. बाकी गणित, फिजिक्स, इंग्रजी, भारतीय ज्ञान प्रणाली वगैरे. माझ्या आत्यानं कागद पाहून विचारलंच, “हे सारं बारावीतच झालं नं तुझं?”

मी पूर्व नागपुरात, वैष्णोदेवी चौकाजवळ राहते. कॉलेज हिंगणा रोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी निम्मी आखणी या अंतरानं ठरवली.

आधी निवड नेमकी कशाची आहे, ते शोधावं लागलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात विद्यापीठाची स्कीम चालते. स्वायत्त कॉलेज स्वतःची स्कीम करतं. नवीन शैक्षणिक धोरणामुळे साचा दोन्हीकडे बराचसा सारखा झालाय, पण कुठल्या खान्यात कोणते पर्याय ठेवायचे हे स्वायत्त कॉलेज ठरवतं. माझं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणून निवडायला थोडंफार होतं. ‘थोडंफार’ हा शब्द मी जपून वापरतेय. 20 पैकी 14 क्रेडिट आधीच ठरलेले होते: गणित, फिजिक्स, प्रोग्रामिंग आणि इंग्रजी. फिजिक्स की केमिस्ट्री, हेसुद्धा आपल्या हातात नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन गट पाडतात. एका गटाला आधी फिजिक्स, दुसऱ्याला आधी केमिस्ट्री, आणि दुसऱ्या सेमिस्टरला अदलाबदल. सगळ्यांना एकदम बसवायला लॅब पुरणार कुठून! काही पालक गट बदलून मागायला ऑफिसात उभे होते. त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. वर्षाअखेरी दोन्ही करावेच लागतात.

उरले 6 क्रेडिट, दोन-दोनच्या तीन जागा: कौशल्याचा एक कोर्स, भारतीय ज्ञान प्रणालीचा एक आणि सहशैक्षणिक उपक्रमांपैकी एक. सगळी निवड एवढीच. पण या तीन जागांवर आठवड्याचं रूप ठरतं, हे मला बाबांमुळे कळलं.

बाबा कळमन्याला एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. आकड्यांचा कागद दिसला की ते बेरीज तपासतातच. स्कीममध्ये प्रत्येक विषयापुढं 3-1-0, 3-0-2 असे आकडे असतात. पहिला आकडा आठवड्यातल्या लेक्चरच्या तासांचा, दुसरा ट्युटोरियलचा, तिसरा प्रॅक्टिकलचा. बाबांनी ते सगळे तास उभे मांडले, बेरीज केली आणि म्हणाले, “हे कसं काय बाप्पा? लिहिले तर 20 हाय, मोजले तर 28 भरून राहिले.”

गोम अशी आहे. लेक्चरच्या किंवा ट्युटोरियलच्या आठवड्यातल्या एका तासाला एक क्रेडिट मिळतो, पण प्रॅक्टिकलचे दोन तास भरले तेव्हा एक. सेमिस्टरच्या हिशेबात थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास आणि प्रॅक्टिकलचा 30. त्यामुळे माझं गणित 3-1-0, म्हणजे 4 क्रेडिट, 4 तास. फिजिक्स 3-0-2, तेही 4 क्रेडिटचंच, पण 5 तास. प्रोग्रामिंग 2-0-4, पुन्हा 4 क्रेडिट, पण 6 तास. इंग्रजी 1-0-2, 2 क्रेडिटला 3 तास. भारतीय ज्ञान प्रणाली 2-0-0, म्हणजे जेवढे क्रेडिट तेवढेच तास. कौशल्याचा कोर्स आणि सहशैक्षणिक उपक्रम दोन्ही 0-0-4, दोन-दोन क्रेडिटला चार-चार तास. म्हणजे ज्या जागा कागदावर सगळ्यात किरकोळ दिसतात, त्यातल्या दोन मिळूनच आठवड्याचे 8 तास घेतात. त्याही तासांना हजेरी आहेच. त्यात माझं रोजचं येणं-जाणं. अ‍ॅक्वा लाइननं वैष्णोदेवी चौक ते लोकमान्य नगर गाडी न बदलता जाता येतं, हे सुख आहे. पण लोकमान्य नगरला उतरल्यावर पुढं शेअर ऑटो भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि ऑटोवाले काका चौथी सवारी मिळाल्याशिवाय हलत नाहीत.

कोणता विषय किती जड, याचं उत्तरही क्रेडिटमध्येच आहे, फक्त वेगळ्या बाजूनं. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणतात आणि बेरजेला एकूण क्रेडिटनं भागतात. 20 क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये गणितात एक ग्रेड पॉइंट घसरला तर एसजीपीए 0.2 नं उतरतो. 2 क्रेडिटच्या विषयात घसरला तर 0.1 नं. म्हणजे सहशैक्षणिकला जे 4 तास जातात, ते गुणपत्रिकेवर गणिताच्या 4 तासांच्या निम्मेच वजन ठेवतात. बाबांचं म्हणणं, माल निम्म्या भावाचा आणि हमाली पूर्ण.

आमच्या गल्लीतली एक ताई यंदा फायनल इयरला आहे. तिच्याकडे स्कीम घेऊन गेले. मला वाटलं होतं ती कोडिंगच्या चार वेबसाइट सांगेल. ती म्हणाली, “पायथन-बियथनच्या मागं आत्ताच लागू नको. मॅथ्स वनचा बॅकलॉग घेऊन थर्ड इयरपर्यंत फिरणारी पोरं पाहिली मी. तास मोकळे ठेव, अन् ते मॅथ्सले दे.” एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या पोर्टलवरचा, एखादा ऑनलाइन कोर्स सोबत करावा का, असं विचारलं. 12 आठवड्यांच्या कोर्सला सहसा 3 क्रेडिट धरतात, कोर्स फुकट, पैसे फक्त परीक्षेचे, हे मला माहीत होतं. पण त्यांचं एक सत्र जुलैत सुरू होतं आणि दुसरं जानेवारीत. कॅपचे राउंड संपून आम्ही वर्गात बसेपर्यंत जुलैच्या सत्राची नोंदणी बंद झालेली असते. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी तो प्रश्न जानेवारीवरच जातो.

ताईचं एक मात्र मी ऐकलं नाही. तिचं मत, सहशैक्षणिकमध्ये डोळे मिटून एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घे. एनएसएस चांगलंच आहे, पण त्याचे वर्षाला 120 तास आणि शिवाय सात दिवसांचं शिबिर. आमच्याकडे ते काम बहुतेक रविवारी असतं, आणि माझ्याकडे सलग झोपायला तो एकच दिवस. योगाची बॅच सकाळी सातची, म्हणजे घरून पहाटेच निघणं. खेळ संध्याकाळी, म्हणजे घरी यायला रात्र. मी वक्तृत्व आणि नाट्य घेतलं. अभिनयाशी माझा संबंध शाळेतल्या स्नेहसंमेलनापुरता. पण त्याचे तास बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी, दोन लेक्चरच्या मधल्या खिंडीत बसत होते. नाहीतरी तो वेळ कॅन्टीनमध्येच गेला असता.

कौशल्याच्या कोर्सला तीन पर्याय होते: वेब डिझाइन, स्प्रेडशीटवर डेटा हाताळणं आणि पीसी जोडणी व लिनक्स. वर्गातल्या बहुतेकांनी वेब डिझाइनवर उडी मारली. मला वाटलं, वेबपेज घरी बसूनही शिकता येईल. कॅबिनेट उघडून रॅम काढून परत बसवायला मात्र कुणी घरचा कॉम्प्युटर देणार नाही. आणि काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची भीती लवकर गेलेली बरी, कारण पुढं ऑपरेटिंग सिस्टिमपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे तीच लागते. हे माझं मत. हात चित्रकलेत चालतो त्यानं वेब डिझाइन खुशाल घ्यावं.

भारतीय ज्ञान प्रणालीत योग, स्थापत्य, आयुर्वेद आणि गणित असे पर्याय होते. मी गणित घेतलं, आणि या एका जागेबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे. शाळेत मराठीच्या व्याकरणात वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी ‘यमाताराजभानसलगा’ पाठ केलंय. दहा अक्षरं. कुठल्याही अक्षरापासून लागोपाठ तीन घेतली की एक गण मिळतो: यमाता, मातारा, ताराज, असं करत सलगापर्यंत. लघुला 0 आणि गुरूला 1 लिहा. तीन जागांवर 0 आणि 1 मांडण्याचे एकूण 8 प्रकार होतात, आणि ते आठही या दहा अक्षरांच्या माळेत येतात, प्रत्येक नेमका एकदाच. कॉम्प्युटर सायन्समध्ये अशा माळेला डी ब्रॉइन सीक्वेन्स म्हणतात. छंदांचे सगळे लघुगुरू प्रकार क्रमानं कसे मांडायचे याची रीत पिंगल या प्राचीन छंदशास्त्रकाराच्या सूत्रांत आहे. पुढं बाराव्या शतकात हेमचंद्रानं मात्रावृत्तांची मोजदाद करताना 1, 2, 3, 5, 8, 13 ही संख्यामाला दिली, फिबोनाचीच्या आधी. ज्या आठवड्यात हे वर्गात झालं, त्याच सुमारास सी या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या लॅबमध्ये फिबोनाचीचा लूप लिहायला आला. मी आठ गण छापणारा प्रोग्राम लिहून सरांना दाखवला. सर म्हणाले, सेमीकोलन राहिलाय. खरंच राहिला होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढावा लागतो. तुमचे क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. तो आधारवरून निघतो, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी तर आधारवर नाव आधी, अशी आपल्याकडे हमखास तऱ्हा. नुसती अदलाबदल असेल तर निभतं. स्पेलिंग वेगळं असेल तर नोंदणीच्या आधीच आधार केंद्र गाठा, ऐन वेळी नको.

नोंदणी ऑनलाइन आणि ‘आधी येईल त्याला आधी’ अशी होती. सकाळी दहाला पोर्टल उघडलं आणि लगेच गोल फिरत बसलं. मी प्रत्येक जागेसाठी तीन पर्याय क्रमानं कागदावर लिहून ठेवले होते, सोबत त्यांचे कोर्स कोडही, कारण पोर्टलवर सारख्या नावाचे दोन-दोन कोर्स दिसत होते. पान उघडल्यावर विचार करत बसायची सोय नसते. नाट्याच्या शेवटच्या काही जागा उरलेल्या असताना माझं नाव लागलं.

वेळापत्रक आल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आमचं सेमिस्टर आणि सण एकदमच सुरू होतात. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, मग गणपती, दसरा, दिवाळी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवसांत शहरातून आडवं जाणं म्हणजे घड्याळ विसरणं. लॅब आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच असते आणि बॅच रोल नंबरवरून पडते. आपला वार सुट्टीत गेला की ते प्रॅक्टिकल नंतर एका दिवसात दोन-दोन करून उरकावं लागतं, आणि फाइल लिहायचा ढीग दिवाळीत घरी येतो. माझ्या फिजिक्स लॅबचा वार असा दोनदा जाणार, हे आधीच दिसलं. मग त्या प्रयोगांची थिअरी मी आधीच लिहून ठेवली. निरीक्षणं तेवढी नंतर भरली.

फिजिक्ससाठी आणखी एक. माझं शाळेचं शिक्षण मराठीतून झालं. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत फुकट मिळतात. त्यातले काही पारिभाषिक शब्द वाचून उलट इंग्रजी सोपं वाटतं, पण सेमीकंडक्टरचा धडा मला तिथंच समजला. परीक्षेसाठी सीताबर्डीवरून जुनं इंग्रजी पुस्तक घेतलं, निम्म्याहून कमी किमतीत, आधीच्या मालकाच्या खुणांसकट.

आणि लॅपटॉप. प्रत्येक नातेवाइकाचा पहिला प्रश्न हाच. पहिल्या सेमिस्टरला अजिबात गरज नाही. सी चे प्रोग्राम कॉलेजच्या कुठल्याही मशीनवर चालतात, घरी मोबाइलवरच्या ऑनलाइन कंपायलरवर भागतं. मामा ऑगस्टमध्येच गेमिंगचा लॅपटॉप घेऊन द्यायला निघाले होते. मोठ्या मिनतवारीनं थांबवलं. कोणती कामं करायची हे कळल्याशिवाय कोणतं मशीन घ्यायचं हे कसं कळणार?

सेमिस्टर कसं गेलं म्हणाल, तर गणितानं ठरवल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. आयगेन व्हॅल्यूपर्यंत बरं चाललं होतं, पार्शल डिफरन्सिएशनला दम लागला. मंगळवारी दुपारनंतर माझे तास रिकामे होते. ते घरी न येता लायब्ररीत बसून फक्त गणिताला दिले. मेट्रोत अभ्यास करू असं ठरवलं होतं, तो मात्र सीताबर्डीला गर्दी चढेपर्यंतच व्हायचा.

आता दुसऱ्या सेमिस्टरची स्कीम आलीय. केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ग्राफिक्स 2-0-4 आणि बेसिक इलेक्ट्रिकल. तिसऱ्या सेमिस्टरपासून दुसऱ्या ब्रांचचा मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडायचा आहे, 14 क्रेडिटचा, त्याच्या जागा पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे दोन्ही सेमिस्टरच्या एकत्र सरासरीवर, भरतात. म्हणून जानेवारीत एनपीटीईएल घ्यायचं की तो वेळ ग्राफिक्सच्या शीटला ठेवायचा, यावर आमच्याकडे खल चाललाय. बाबांनी तास मोजून घेतलेत. यावेळी 29 भरतात.