पाहुणे आले की काढायचा

पाठीच्या बाकासाठी दिलेला, वापरातला ब्रेस हातात आला की मी आधी वेल्क्रो बघते. रोज अठरा तास घातलेल्या ब्रेसच्या वेल्क्रोत केस, धागे, बनियनचा कापूस अडकलेला असतो. आतल्या फोमवर जिथे दाब बसतो तिथे चकाकी येते, कडांना घामाचे पिवळट डाग पडतात. शिवाय वास येतो, तो कितीही धुतला तरी लपत नाही. सानूच्या ब्रेसला वास नव्हता. मे संपत आलेला, नवतपा लागलेला, बाहेर पारा ४५ च्या आसपास, ब्रेस देऊन दीडएक महिना झालेला. आणि फोम कोरा करकरीत.

"घालूनच राहते हो मॅडम," आई म्हणाली. "झोपतानाही घालते."

सानू खाली बघत होती. आजी दारावरच्या कॅलेंडरकडे.

(सानू हे नाव मी दिलेलं.)

मी ऑर्थोटिस्ट आहे. डॉक्टर ब्रेस लिहून देतात, तो मापाने बनवून अंगावर नीट बसवण्याचं काम माझं. नागपूरला धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत आमची जागा आहे. पुढे तपासणीची खोली, मागे वर्कशॉप. पाठीच्या बाकासाठी ब्रेस लिहून दिलेला कागद घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेकांना वाटतं की मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणायचा तसंच काही असेल. मग आधी प्लास्टरची पट्टी अंगाभोवती गुंडाळून साचा घ्यायचा, त्यावरून पोटरीएवढ्या जाडीचा नव्हे तर अख्ख्या धडाचा प्लास्टरचा ठोकळा ओतायचा, तो जिथे दाब हवा तिथे तासायचा, जिथे मोकळीक हवी तिथे भरायचा, आणि त्यावर ओव्हनमधून काढलेली गरम पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची शीट ओढायची, हे सगळं बघून त्यांचे चेहरे उतरतात. मे महिन्यात त्या ओव्हनसमोर उभं राहणं म्हणजे काय, ते नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही.

सानू बारा वर्षांची, सातवीत गेलेली. घर महाल भागात, जुनं, एकत्र कुटुंबाचं. तिच्या पाठीतला बाक घरच्यांना दिसलाच नव्हता, तो दिसला गणवेश शिवणाऱ्या टेलरला. "ताई, एका बाजूनं फ्रॉक उतरून राहिला, माप तर बरोबर आहे," असं तो म्हणाला. टेलरनं ओळखलेल्या अशा केसेस आमच्याकडे खूप येतात, या मंडळींना आपण फार कमी श्रेय देतो. मग डॉक्टरांनी तिला पुढे वाकायला लावलं. वाकल्यावर उजव्या बाजूच्या फासळ्या डावीपेक्षा वर आल्या. एक्स-रेवर कॉब अँगल, म्हणजे बाकाचा कोन, ३१ अंश. बाक मोजण्याची ही पद्धत जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. सानूची पाळी सुरू व्हायची होती, कमरेच्या हाडावरून बघितलं तर वाढ अजून बरीच शिल्लक. बाक २५ ते ४० अंशांच्या मधे आणि मूल अजून वाढतंय, अशा वेळी ब्रेस देतात. ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनची भाषा सुरू होते.

पहिल्या दिवशी आईने एकच प्रश्न चार प्रकारे विचारला होता. दप्तर जड होतं म्हणून झालं का? एका कुशीवर झोपते म्हणून? कॅल्शियम कमी पडलं? मी गरोदर असताना काही झालं का? या वयातल्या अशा बाकाचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. दप्तराने होत नाही, वाकून बसण्याने होत नाही. हे मी तिला सांगितलं, तिने मान डोलावली, आणि तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. स्वतःला दोषी धरणारी आई पुढे काय करते हेही मला ठाऊक असायला हवं इतकी वर्षं मी या कामात आहे. ती मुलीला आणखी त्रास द्यायला धजत नाही.

आता तासांचं. ब्रेसचा उपयोग होतो की नाही यावर अनेक वर्षं वाद होता. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. ब्रेस दिलेल्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक ५० अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण झाली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये हा आकडा ४८. पण माझ्या कामाचा खरा आकडा त्याच्या पुढचा आहे. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर बसवून तास मोजले होते. रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश नव्वदीच्या पुढे. आणि सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांत ४१, म्हणजे ब्रेस न घातल्यासारखंच. तसा सेन्सर आमच्याकडे बसवावा असं मलाही वाटतं, पण मे महिन्यात तो फसेल. महालातल्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली कपाटात ठेवलेला ब्रेससुद्धा अंगावर असल्यासारखा गरम असतो.

म्हणून मी वेल्क्रो बघते. आणि कातडी.

सानूने ब्रेस उतरवला तेव्हा फासळ्यांवर, जिथे मुख्य पॅड बसतो तिथे, गुलाबी ठसा हवा होता. तो जवळपास नव्हताच. उलट डाव्या कमरेच्या हाडावर नाण्याएवढी जागा सोललेली, वर पांढरी पावडर थापलेली. घामोळ्याची पावडर घामात भिजून गोळे झाली होती. तिच्याच खाली कातडी रगडली जात होती.

मी ब्रेस टेबलावर उलटा ठेवला. देताना मी प्रत्येक पट्ट्यावर काळ्या मार्करची रेघ मारते, इथपर्यंत ओढायचं म्हणून. वेल्क्रो कुठे चिकटवत होते त्याचा मुडपा त्या रेघेपासून चांगला दीड इंच अलीकडे होता. मी बोट ठेवलं. आई लगेच म्हणाली, "रात्री रडते हो ती. म्हणून मी थोडा ढिला करते."

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जखमा या वाक्यातून आलेल्या असतात. ढिली चप्पल चावते तसंच हे आहे. घट्ट ब्रेस कातडीबरोबर हलतो. ढिला वर सरकतो, बसलं की खाली येतो, कमरेच्या हाडावर घासत राहतो. पॅड फासळ्यांवर यायचा तो वर काखेकडे जातो आणि दाब नको तिथे पडतो. मग पोरीला खरंच दुखतं, आई आणखी अर्धा इंच सोडते. हे मी रागावून सांगितलं नाही. रागवावं असं त्यात काही नव्हतंच.

पण एवढ्याने कोऱ्या फोमचा उलगडा होत नव्हता. ढिला का होईना, अंगावर असता तर घामाचा डाग पडला असता.

मी आई-आजींना बाहेर चहा घ्यायला बसवलं. आमच्या मदतनीस ताई खोलीतच प्लास्टर भिजवायची बादली धूत होत्या. "किती तास घालतेस" असं मी मुलांना विचारत नाही, त्याचं उत्तर पाठ असतं. मी म्हटलं, "काल सकाळपासून सांग बेटा. काय काय झालं घरी?"

"सकाळी आंघोळीला काढला. नाश्ता झाला मग आईनं घालून दिला. मग बेल वाजली."

"मग?"

"मग काढला. आजी म्हणते, पाहुणे आले की काढायचा."

काकाचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात होतं. घरात पत्रिका लिहिणं, आहेराच्या साड्या, मावश्या, मामेआत्या, शेजारच्या काकू. दिवसातून बेल किती वेळा वाजत असेल याचा मी अंदाज करू लागले. आणि दुसरी गोष्ट, जी घरच्यांच्या लक्षात आली नव्हती: हा ब्रेस पाठीमागून उघडतो. सानू तो एका झटक्यात काढू शकते, पण एकटीने घालू शकत नाही. मागचे पट्टे ओढायला दुसरं माणूस लागतं, आणि लग्नघरात आईचे हात मोकळे कधी? एक बेल म्हणजे दोन-तीन तास. रात्री झोपायची व्यवस्था खाली हॉलमध्ये, पाहुण्या पोरींच्या रांगेत. तिथेही नाही. कूलर फक्त हॉलमध्ये, त्यामुळे वरच्या खोलीत ब्रेस घालून एकटीनं झोप असंही कोणी म्हणणार नव्हतं. सगळा हिशेब केला तर पाच-सहा तास, तेही दीड इंच ढिले.

पोरगी हट्टी नव्हती. ती सांगितलेलं तंतोतंत ऐकत होती.

"रिद्धीला सांगितलं तर चालेल का?" तिनं मधेच विचारलं. रिद्धी म्हणजे मामाची मुलगी. "ती रोज विचारते, तू सारखी वर कुठे जाते म्हणून."

आई-आजींना आत बोलावलं. आजी नऊवारी लुगड्यातल्या, ठणठणीत. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "मॅडम, लेकीच्या जातीचं आहे. उद्या पाहायला येतील, अन् कोणी सांगितलं का पोरीच्या पाठीत काही आहे, त काय करू मी?"

यावर मला बोलता आलं असतं. बारा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या लग्नाची काळजी काढल्यावर जे मनात येतं ते माझ्याही आलं. पण मला त्या दिवशी आजींचं मत बदलायचं नव्हतं, तास वाढवायचे होते. म्हणून मी त्यांच्याच बाजूने गेले. "आजी, हिची वाढ थांबली की हा ब्रेस सुटतो. दोन-तीन वर्षं. पाहायला येतील तेव्हा हा भंगारात गेलेला असेल. पण आत्ता घातला नाही आणि बाक वाढला, तर तो कोणत्याच ब्लाउजात लपायचा नाही."

मग दोन्ही एक्स-रे लाइटबॉक्सवर लावले. ब्रेसशिवायचा ३१ अंशांचा आणि ब्रेस नीट बसवून काढलेला १७ चा. आजींना अंश नको होते. त्या उठल्या, जवळ गेल्या आणि बोट मणक्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

"म्हणजे हे घातलं त सरळ होते?"

"अंगावर आहे तोवर. काढला की पुन्हा बराचसा परत जातो. आपल्याला तो वाढू द्यायचा नाही, एवढंच." हे सांगताना समोरचं माणूस हमखास हिरमुसतं. तरी सांगावं लागतं. सरळ करून देतो म्हणणारे मालिशवाले गल्लोगल्ली आहेत.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुले ओढता येत नाही. दाखव इकडं."

मी सानूला उलटं, शिवण बाहेर येईल असं सुती बनियन घालायला लावलं, पाठीवरची चुणी न् चुणी सरळ केली, ब्रेस चढवला, तिला पलंगावर झोपवून कुशीवर वळवलं. आजींनी पट्टा धरला आणि एका दमात काळ्या रेघेवर आणून चिकटवला. आयुष्यभर लुगडं नेसलेल्या हातांना घट्ट म्हणजे किती हे शिकवावं लागत नाही. सानूच्या तोंडून "अगं आई" निघालं आणि लगेच ती हसली, कारण आईनेही तेच म्हटलं होतं.

पुढचा तास वर्कशॉपमध्ये गेला. तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं तर पुढची खालची कड मांडीत रुतत होती. हे ब्रेस ज्या देशांत घडले तिथली मुलं खुर्चीवर जेवतात. आपल्याकडे ही कड बसवून बघितल्याशिवाय कापू नये. कड तासली, पॉलिश केली. कमरेच्या हाडावरचा भाग हीटगनने गरम करून आतून बाहेर ढकलला. जिथे दाब नाही अशा जागी पोटावर आणि पाठीवर हवेसाठी भोकं पाडली. पावडर बंद, लोशन बंद, दिवसातून दोनदा आंघोळ, बनियन तीनदा बदलायचं, सोललेली जागा भरली की कडांखालच्या कातडीला स्पिरिटचा बोळा. ब्रेस काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही गेली तर मला फोन. जखम भरेपर्यंत दोन दिवस सुट्टी, मग रोज दोन-दोन तासांनी वाढवत अठरापर्यंत.

काढायची वेळ सानूनेच ठरवली: संध्याकाळी पाच ते आठ, जेव्हा सगळ्या पोरी गच्चीवर पाणी मारून खेळतात. आंघोळी, बनियन बदलणं धरून बाकीचे तीन तास हिशेबात राहिले. बेलचा प्रश्न मी काढला नाही. तो आजींनीच काढला, जिना उतरताना, आणि माझ्याशी नाही. "रिद्धीले सांग. पण तिच्या मायले मी सांगीन."

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे सवय व्हायला वेळ मिळाला. जुलैत आली तेव्हा वेल्क्रोत केस होते, फोमवर चकाकी होती, आणि वास असा होता की मी खिडकी उघडली. वर्गात पहिल्या आठवड्यात कोणीतरी पाठीवर थाप मारली आणि "टक्" वाजलं, मग दिवसभर सगळ्यांनी वाजवून बघितलं, आता कोणी वाजवत नाही, असं तिनं सांगितलं. जेवण एकदम जात नाही, थोडं थोडं दोनदा खाते. सगळं गोड नव्हतं. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात तिनं दोनदा ब्रेस गच्चीवर फेकला होता, हे आईने नंतर सांगितलं.

डिसेंबरमध्ये ब्रेसशिवाय एक्स-रे काढला. २९ अंश. आई रडायलाच लागली, मला तिला थांबवावं लागलं. कॉब मोजण्यात पाचेक अंशांचा फरक दोन डॉक्टरांतही पडतो, त्यामुळे २९ म्हणजे सुधारलं असं नाही, वाढलं नाही एवढं खरं. उंची मात्र चांगलीच वाढली होती आणि ब्रेस काखेखाली आखूड पडायला लागला होता. नवा साचा घ्यायचा ठरलं.

शीटचे रंग मी टेबलावर मांडले. गुलाबी, फुलपाखरांची, आकाशी, पांढरी. सानूने खालून काळी ओढून काढली.

"अगं, पांढऱ्या शर्टातून दिसेल ना," आई म्हणाली.

"माहिती आहे."

आईने आजींकडे बघितलं. आजींनी शीट हातात घेतली, वाकवून बघितली, उजेडात धरली आणि मला विचारलं, "रंगाचे पैसे अलग घेता का?"

नाही घेत, म्हटलं. काळी शीट मागवली.