दोन काट्यांचं नातं

"बाई, मोठा काटा सहावर नेला तरी छोटा तीनवरच कसा?"

तिसरीतल्या एका पोरीने पुठ्ठ्याचं घड्याळ पुढे केलं. मधे टिचबटण, दोन सुटे काटे. साडेतीन दाखवायचे होते आणि छोटा काटा बरोब्बर तीनवर! खऱ्या घड्याळात असं कधी होतच नाही. काय नेमकं पकडलं तिने!

मग कपाटातलं जुनं गजराचं घड्याळ काढलं. काटे फिरवायचं मागचं बटण एकेकाच्या हातात दिलं. मोठा अर्धा फिरला की छोटा तीन-चारच्या मधोमध. मोठ्याचे १२ फेरे, तेव्हा छोट्याचा एक. वर्गात नुसता कल्ला.

पुठ्ठ्याची घड्याळं करावीतच, पण सोबत असं एखादं प्रत्येक वर्गात हवं. तुमच्या माळ्यावर पडलंय का?