नॅसमधल्या डिस्क बदलताना

घरातल्या नॅसमधली, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीतली, जागा ९४ टक्के भरल्याचा इशारा आला, तेव्हा जुने फोटो पुसत बसण्यापेक्षा ४ टीबीच्या दोन्ही डिस्क काढून ८ टीबीच्या बसवाव्यात, असे मी ठरवले. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या लेखनात त्या रेंगाळू शकतात. म्हणून थोडे जास्त पैसे मोजून सीएमआर डिस्क घेतल्या, ज्यांत पट्टे असे एकमेकांवर चढवलेले नसतात.

माझी मांडणी रेड १ ची आहे, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच मजकूर असतो. एवढ्यावर निर्धास्त राहणे मला पटत नाही, कारण एक डिस्क काढली की दुसरी, तीही तितकीच जुनी, एकटी उरते. तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला. मग नॅस बंद करून दुसरा ट्रे बाहेर ओढला. नव्या डिस्कच्या तळाला मधली दोन भोके जुन्या जागी नव्हतीच, त्यामुळे ट्रेच्या दुसऱ्या खाचांतून स्क्रू लावावे लागले.

सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने जुन्या डिस्कवरून नवीवर ४ टीबीची नक्कल साडेसात तासांत व्हायला हवी होती, पण मध्येच घरच्यांनी नॅसवरचा सिनेमा लावला आणि काम अकरा तासांवर गेले. (यूपीएस नसता तर ऐन पावसाळ्यात हा उद्योग मी केलाच नसता.) दुसऱ्या दिवशी पहिल्या ट्रेची पाळी आली. दोन्ही डिस्क बदलून व्हॉल्यूम, म्हणजे नॅसवर वापरायला मिळणारा साठवणीचा भाग, वाढवल्यावरच नवी जागा दिसली, तीही जवळपास ७.३ टीबी, कारण डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि माझे नॅस १०२४ च्या.