अखेर मिंट ठरली

लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला कोणती लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ते आज ठरलं. लिनक्स मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह.

गेले काही दिवस डोक्यात नुसती नावांची गर्दी होती. उबुंटू, फेडोरा, डेबियन, आर्च, मांजारो, ओपनसुसे. ज्याला विचारावं तो स्वतः वापरतो तीच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, सुचवतो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की सगळ्यांच्या मुळाशी कर्नल (सिस्टिमचा गाभा) तोच आहे, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसीही सगळीकडे मिळतात. मग फरक उरतो कशात? माझ्या मते नवख्याने दोनच गोष्टी बघाव्यात: डिस्ट्रो किती वेगाने बदलते आणि आपल्या मशीनवर ती नीट चालते का.

वेगाच्या बाबतीत आर्च एका टोकाला. ती रोलिंग आहे, म्हणजे ठरावीक आवृत्ती निघतच नाही, सॉफ्टवेअरचं नवीन पॅकेज तयार झालं की अपडेटमधून येत राहतं. तिची विकी (माहितीची वेबसाइट) मात्र अफाट आहे, कुठलीही डिस्ट्रो वापरणाऱ्याच्या उपयोगाची, आणि मी ती आत्तापासूनच वाचतोय. पण अपडेटआधी त्यांच्या सूचना वाचायच्या, प्रसंगी हाताने काही दुरुस्त करायचं, एवढी तयारी माझी आज नाही. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी येते आणि एका आवृत्तीला तेरा महिन्यांच्या आसपास अपडेट मिळतात. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट असतात. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल, आकड्यातच तारीख. मिंट २२ याच २४.०४ वर बेतलेली, म्हणून तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मला हेच हवं होतं, मशीनवर काम करायचंय आणि शिकायचंय ते सावकाश.

डेबियनचा मोह मात्र खराच झाला. १९९३ पासून चालत आलेला, स्वयंसेवकांनी सांभाळलेला प्रकल्प. उबुंटूही तिच्यातूनच निघालेली. वायफायला लागणारं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) पूर्वी वेगळं शोधावं लागायचं, ते २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्येच येतं. पुढे कधी बदलायचं झालं तर तीच घेईन.

निकाल लागला तो पेनड्राइव्हवर. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवली, चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहिला, पेनड्राइव्हवर लिहिली आणि बूट मेन्यूतून सुरू केली. डिस्कला हातही न लावता अख्खा डेस्कटॉप समोर! मग एकेक गोष्ट तपासत बसलो. वायफायची यादी आली, जोडलं. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकलं. ब्राइटनेसच्या कळा चालल्या, आवाजाच्या चालल्या, हेडफोन लावल्यावर स्पीकर गप्प झाला. वेबकॅमही सुरू झाला. शेवटी झाकण मिटलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि उघडलं. स्क्रीन लगेच आली, वायफायचं चिन्ह मात्र बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं. जोडलं गेलं तेव्हा जीव भांड्यात पडला. झाकणाची ही चाचणी फारसं कुणी सांगत नाही, पण लॅपटॉपवाल्याने ती जरूर करावी. झोपलेलं मशीन नीट जागं होत नसेल तर रोजच्या वापरात त्याचाच त्रास सगळ्यात जास्त. पेनड्राइव्हवरून सगळं जरा मंद चालतं, त्यावरून डिस्ट्रोच्या वेगाचा अंदाज बांधायचा नाही एवढं लक्षात ठेवलं.

डेस्कटॉपचं म्हणाल तर मिंटचं सिनॅमन दिसायला जास्त देखणं आहे. पण माझ्याकडे रॅम ४ जीबीच आहे आणि ती ब्राउझरसाठी मोकळी राहिलेली मला बरी, म्हणून एक्सएफसीई. फेडोराचा ग्नोम डेस्कटॉपही चालवून पाहिला. त्यात खिडकीला मिनिमाइजचं बटणच नसतं, एकूण मांडणीच वेगळी. विचारपूर्वक केलेली आहे ती, पण सगळंच एकदम नवीन मला नको होतं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट मांडणीचा कीबोर्ड सेटिंगमधून जोडता आला, तीही काळजी मिटली.

विंडोज सध्या राहू देणार, एक-दोन कामं अजून तिथेच होतात. म्हणून उद्या आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघायचं आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची. फास्ट स्टार्टअप बंद करायचा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) काही लिहिणं धोक्याचं ठरतं. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून जागा मोकळी करायची. मिंटला किमान २० जीबी लागते, १०० असेल तर उत्तम. मी १०० देणार आहे. इन्स्टॉल झाल्याबरोबर टाइमशिफ्ट हे साधन लावून पहिला स्नॅपशॉट (सिस्टिम मागे नेता येईल अशी प्रत) घ्यायचा, बाकीचे प्रयोग त्यानंतर.