मीटरवर दोन व्होल्ट होते

सायझिंगमधून, म्हणजे मागावर चढवायच्या सुताला कांजी लावतात त्या कारखान्यातून, फोन आला की मी आधी विचारतो, बॉयलर चालू आहे का बंद? बाकी काहीही बंद पडू दे, त्याला वेळ असतो. पण फीड पंप थांबला की बॉयलरमध्ये पाणी जायचं थांबतं आणि खालची आग मात्र तशीच पेटलेली असते. त्या दिवशी बॉयलरवाल्या काकांनी मला विचारूही दिलं नाही. "पंप ट्रिप मारतोय. काचेत पाणी खाली चाललंय. या की लवकर!"

इचलकरंजीत वायरमनकी करून मला बावीस वर्षं झाली. आधी साधे माग, आता निम्म्या शेडमध्ये रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे माग. सायझिंग मात्र आहे तसंच आहे. उकळती कांजी, वाफ, ओली फरशी आणि हवेत तरंगणारा कापूस. पॅनलचं दार उघडलं की आत कापसाची गादी, आणि वाफेनं ती ओली. विजेच्या सामानासाठी याहून वाईट जागा मला माहीत नाही.

पोचलो तेव्हा काका आग ओढून काढत होते. दुसरा पंप असतोच असतो, इथंही होता. सील गेलं म्हणून दीड महिना खोलून कोपऱ्यात पडला होता. त्यावर शेठना काही बोलायची ती वेळ नव्हती.

साडेसात एचपीची मोटर, ती थेट लाइनवर चालू करणारा डीओएल स्टार्टर, वर जुना मेन स्विच. ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर तोडणारा रिले, पडलेला. मीटर हाताखालच्या पोराच्या हातात दिला आणि स्टार्टरच्या इनकमिंगला प्रोब लावले. आर, वाय, बी या तीन फेजांमध्ये आर-वाय 411, वाय-बी 409, बी-आर 412. तिन्ही फेज झक्कास. म्हणजे सप्लाय ठीक, दोष मोटरमध्ये किंवा पंप जाम. निदान मी तरी तसं धरलं.

पहिली चूक इथं झाली. मल्टिमीटरच्या आत साधारण दहा मेगाओहम असतात. तो लाइनीतून करंट जवळजवळ घेतच नाही. जोड जळून काळा पडला असला, एका केसाएवढा टेकलेला असला, तरी मीटरला त्यातून पुरते चारशे दिसतात. मोटर लावली की तोच फेज बसतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज पडतं. ही गोष्ट मी पोराला दहा वेळा सांगितली असेल. नो लोडला घेतलेलं व्होल्टेज म्हणजे मुलगी बघायला आल्यावरचं वागणं, असं म्हणायचो. आणि त्या दिवशी तेच वागणं बघून मी हो म्हणालो.

मोटर मेगर करायची, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासायचं ठरवलं. मेन स्विचचा दांडा खाली ओढला, पोराला गाडीवरून मेगर आणायला पाठवलं. इनकमिंगच्या आर फेजचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची पट्टी, काळपटलेला दिसला, म्हटलं तोवर हा खोलून साफ करू. तेवढ्यासाठी पुन्हा मीटर लावला. मीटर धरायला कोणी नव्हतं, म्हणून काखेत दाबला. फेज-टू-फेज बघितलं, मग प्रत्येक फेज अर्थच्या बोल्टशी बघितला. हे मी आवर्जून लिहितोय, कारण आमच्यातले निम्मे लोक फेज-टू-फेज बघून पाना लावतात. एकच फेज अडकून राहिला असेल तर तो अर्थशी बघितल्याशिवाय खात्रीनं कळत नाही.

आर ते अर्थ, 2.3. मग 1.8. मग 2.6.

दोन व्होल्ट म्हणजे आमच्या धंद्यात काहीच नाही. बंद केबल जिवंत केबलच्या शेजारून ट्रेमध्ये तीस-चाळीस मीटर गेली, तर डिजिटल मीटर तीवर साठ-सत्तर व्होल्टसुद्धा दाखवतो. ते नुसतं भूत असतं, बल्ब लावला की पळून जातं. वर्षानुवर्षं ही भुतं बघून डोळ्यांना लहान आकड्यांकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. मला लागली होती.

तरी पाना लावायच्या आधी मी उलट्या हाताची बोटं लगला टेकवली. ही आमच्या वस्तादांची सवय. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात लावला तर झटक्यानं मागं येतो. सेफ्टीवाले हे ऐकून कानावर हात ठेवतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. हातानं सप्लाय बघायचा नसतो.

हात असा उडाला की कोपर पॅनलच्या दारावर आपटलं आणि काखेतला मीटर फरशीवर पडला. खांद्यापर्यंत मुंग्या. पोरगा मेगर घेऊन दारातच उभा होता. "मामा, लागलं काय वो?" मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो, कोण जाणे. कोपरातून रक्त येत होतं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. शेडच्या मेन पॅनलवरून सप्लाय तोडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि टेस्ट लॅम्प लावला. दोन शंभरचे बल्ब सिरीजमध्ये, आमच्याकडची जुनीपुराणी वस्तू. कारखान्यात तो दिसला तर ऑडिटला शेरा येतो, कारण काच फुटते, वायर उघडी असते, सगळं खरं. पण तो करंट घेतो, म्हणून भुतांना भुलत नाही.

मेन स्विच खोलला आणि आत सगळी कथा होती. तिन्ही पाती ज्या बेकलाइटच्या आडव्या दांड्यावर बसतात, तो आर फेजच्या बाजूला तापून तडकला होता. दांडा खाली ओढला की वाय आणि बीची पाती बाहेर येत, आरची जबड्यातच राहत असे. त्याच ढिल्या पातीमुळे लोडवर आर बसायचा, मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढायची आणि ओव्हरलोड पडायचा. ओव्हरलोडनं त्याचं काम चोख केलं होतं. एकाच दोषानं पंप बंद पाडला आणि मलाही धरलं.

स्विच दुसऱ्या पॅनलचा काढून बसवला. सव्वादोन तासांनी पंप चालू. करंट मोजायचा क्लॅम्प लावला, 10.2, 10.4, 10.1. तिन्ही फेज सारखे बघितले की अजूनही बरं वाटतं. बिलावर शेठचा पहिला प्रश्न, "जुन्या स्विचचे किती वजा करणार?"

रात्री घरी मीटरच्या लीडा, म्हणजे प्रोबच्या वायरी, घेऊन बसलो. सरळ टेबलावर ठेवून वायर सलग आहे का ते बघणारी कंटिन्युटी लावली, बीप. सकाळी निघतानाही असाच बीप घेतला होता आणि त्यावर समाधान मानलं होतं. पण बझर मोठा दयाळू असतो, पुष्कळ मीटरांत तीसेक ओहमपर्यंत तो वाजतोच. म्हणून ओहमवर घेतलं. चांगल्या लीडा एकमेकींना टेकवल्या की 0.2, फार तर 0.3 येतो. इथं 1.9 होतं. काळी लीड प्लगपासून चार बोटांवर वाकवली आणि आकडा गेला, ओएल, म्हणजे वायर तुटलेली. सरळ केली, परत आला. पोराच्या हातात मीटर असताना ती सरळ लोंबत होती, म्हणून 411 दिसले. काखेत दाबल्यावर दुमडली. तुटलेल्या टोकांमधून आणि आजूबाजूच्या हवेतून जे काही झिरपलं, तेच ते दोन व्होल्ट.

खरं तर ते दोन व्होल्ट बोलत होते. नीट तपासलेला मेलेला सप्लाय थोडासा आकडा दाखवून तिथं बसतो. हा आकडा चाळा करत होता, आणि तिन्ही ठिकाणी लावला तरी तसाच. मी तो बघितला, वाचला नाही.

ब्लेडनं आवरण सोललं. आत हिरवट पडलेल्या, केसासारख्या तारा, मोजून चौदा. चुंबक लावलं तर चिकटल्या. म्हणजे वर तांब्याचा मुलामा, आत लोखंड. आणि प्रोबच्या मुठीवर ठळक छापलेलं, कॅट थ्री (सुरक्षिततेचा दर्जा), 1000 व्होल्ट. मीटरबरोबरच्या मूळ लीडा बारा वर्षं टिकल्या, त्या गेल्यावर दुकानातून या दीडशेला आणल्या होत्या. मीटरला हजारो घातले आणि जिथं तो सप्लायला शिवतो तिथं दीडशे. दुकानदाराला काय बोलायचं, मीच "साध्या द्या" म्हणालो होतो. एवढंच नाही, महिनाभर आकडा मधूनच उडत होता आणि मी प्रोबच्या टोकाला कांजी लागली असेल म्हणून पॅन्टला पुसत होतो.

जिवंत ठिकाणी मीटर तपासायचा, मग बंद केलेलं बघायचं, मग पुन्हा तोच मीटर जिवंत ठिकाणी लावायचा. हे मला आयटीआयपासून पाठ आहे. पहिल्या दोन पायऱ्या मी त्या दिवशी केल्या होत्या. तिसरीला शेजारच्या पॅनलपर्यंत सात-आठ पावलं जावं लागलं असतं.

आता चांगल्या सिलिकॉनच्या लीडा आणल्यात, आणि पोरगा न सांगता तिसरी पायरी करतो. पण त्यानं त्या दिवसातून आणखी एक गोष्ट उचलली, ती मला परवा कळली. एका मागाच्या शेडमध्ये, कोरड्या फरशीवर, पायात जाड रबरी बूट घालून त्यानं मीटर काढायच्या आधीच एका टर्मिनलला उलटा हात लावला. "मेलंय मामा," म्हणाला.

मी त्याचा हात बाजूला केला आणि प्रोब लावले. 238.